तीन खेपा

बोट आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. जून महिन्यातली दुपार, साडेचारचा सुमार. स्टॉकहोमहून बोटीने दीड-दोन तासांवर येल्नो नावाचं बेट आहे. लिहिताना ‘ग’ लिहितात, म्हणताना ‘य’ म्हणतात. तिथल्या एका छोट्या लाकडी धक्क्यावर मी आणि माझी लेक बाकावर बसलो होतो. लांबवर पांढरी बोट दिसली तशी मी पाण्याची बाटली पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि उठून उभी राहिले. बोट जवळ आली. वरच्या डेकवर उभ्या असलेल्या एका बाईची लाल टोपीसुद्धा दिसली. पण बोटीचा वेग काही कमी होईना. धक्क्यापासून शे-दीडशे हातांवरून ती सरळ पुढे गेली. मागाहून तिच्या लाटा आल्या, धक्क्याखालच्या लाकडांवर चार-पाच वेळा चुबकल्या आणि मग पुन्हा सगळं शांत झालं.

धक्क्याच्या टोकाला एक खांब होता. त्यावर परातीएवढी गोल तबकडी. बोटीत चढायचं असेल त्याने ती उभी करून ठेवायची. उभी दिसली की कप्तानाला कळतं, इथे कोणीतरी आहे. तबकडी पडलेली असेल आणि बोटीतून कोणाला उतरायचंही नसेल, तर बोट धक्क्याकडे वळत नाही. अंधारात दिव्याची उघडझाप करून खूण करतात. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. लेक स्टॉकहोमला चार वर्षं राहते, पण बेटांवर ती गेली ती मित्रमंडळींबरोबर, गर्दीच्या धक्क्यांवर. खांबावर पाटी होती. ती आम्ही वाचली नव्हती, चूक आमचीच.

पण मला सलतंय ते हे नाही. आमच्यापासून चार पावलांवर, दुसऱ्या बाकावर एक आजोबा बसले होते. सत्तरी ओलांडलेले, अंगात निळा जाडसर सदरा, शेजारी थर्मास, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. आम्ही आलो तेव्हा त्यांनी मान हलवून नमस्कारासारखं काहीतरी केलं होतं. तासभर आम्ही शेजारी शेजारी होतो. बोट येताना त्यांनी पाहिली, तबकडी पडलेली त्यांना दिसत होती, पिशवी खांद्याला लावून उभी राहिलेली मीही दिसत असणार. बोट निघून गेल्यावर ते उठले आणि इंग्रजीत हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला जायचं होतं का? मला वाटलं, तुम्ही पाणी बघत बसला आहात.” मग त्यांनी तबकडी कशी उभी करायची, कशी पाडायची ते दोनदा करून दाखवलं, पुढची बोट सव्वासातला आहे म्हणून सांगितलं, थर्मास उचलला आणि जंगलातल्या पायवाटेने निघून गेले.

एक शब्द पुरला असता.

माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. आता तिथे गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट आहे, पण माझ्या लहानपणी पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून कुकारा घालावा लागे. दोन्ही हातांचा द्रोण तोंडाशी धरायचा आणि पोटातून लांबलचक हाक द्यायची. तरवाला पलीकडच्या काठावर झापाखाली विडी ओढत बसलेला असे. एका हाकेत त्याला ऐकू गेलं नाही की काठावर जो कोणी असेल तो आमच्यासाठी ओरडायला लागे. म्हशी धुणारा पोरगा, मासळीची पाटी घेऊन टेकलेली बाई, शाळा सुटलेली मुलं. त्यांना स्वतःला कुठेही जायचं नसे. एसटी पुढे निघून जाऊ नये म्हणून रस्त्यातल्या परक्या माणसाने हात दाखवून ती आपल्यासाठी थांबवून धरणं, हेही आमच्याकडे कोणाला विशेष वाटायचं नाही. धक्क्यावर एक बाई बोटीकडे बघत उभी आहे आणि शेजारचा माणूस गप्प, हे माझ्या डोक्यात बसेना. लेकीला मी तसं म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असणार. ती म्हणाली, “आई, त्यांची काय चूक? पाटीवर लिहिलंय. आणि आपण खरंच नुसतं बसायला आलो असतो तर?” तेवढं बोलून तिने फोनवर सव्वासातची बोट तपासली. आजोबांची बाजू तिने घेतली याचा मला आजोबांपेक्षा जास्त राग आला.

तीन तास काढायचे होते. मी धक्क्याच्या पायरीवर बसले आणि पाण्यात हात घातला. पाणी गार, बोटं आखडावीत इतकं. सहज ओंजळ तोंडाशी नेली तर खारटपणा नावापुरता. आपल्याकडे पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला पाणी जसं निमखारं लागतं, त्याहूनही अळणी. या बाल्टिक समुद्रात नद्यांचं गोडं पाणी येत राहतं आणि महासागराशी त्याचा संबंध अरुंद वाटेने, त्यामुळे स्टॉकहोमच्या आसपास मीठ आपल्या समुद्राच्या पाचवा-सहावा हिस्सा. भरती-ओहोटीही जवळजवळ नाहीच. धक्क्याच्या खांबांवर कालवं नाहीत, शेवाळाची ओली रेघ वर-खाली होत नाही, चिखलाचा वास नाही, सुकत घातलेल्या मासळीचा तर नाहीच. माझ्यासारखीला समुद्र कळतो तो आधी नाकाने. इथे नाकाला पाइनच्या चिकाचा आणि उन्हात तापलेल्या खडकाचा वास येत होता. बराच वेळ मला हा समुद्र आहे हेच पटत नव्हतं. झाडं थेट पाण्यापर्यंत आलेली, मध्येच उघडा गुळगुळीत खडक, समोर दुसरं बेट, त्याच्यामागे तिसरं. अशी लहानमोठी मिळून तीस हजारांच्या घरात बेटं या पट्ट्यात आहेत असं म्हणतात. आपण खडप, जुवा, बेट असे शब्द वेगळे ठेवतो तसे त्यांचेही आहेत. वस्तीजोगं मोठं ते ‘ओ’, लहान ते ‘होल्म’, नुसता खडक वर आलेला तो ‘शॅर’. स्टॉकहोममधला ‘होल्म’ तोच. ते शहरही चौदा बेटांवरच बसलेलं.

आणि ही बेटं अजून वर येताहेत. हे लेकीने सांगितलं तेव्हा मला वाटलं ती काहीतरी काव्यात बोलतेय. हिमयुगात या भूमीवर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने जमीन दबली. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली तरी ती अजून उसासून वर येते आहे. स्टॉकहोमपाशी वर्षाला चार-पाच मिलिमीटर, म्हणजे शंभर वर्षांत अर्ध्या मीटरच्या आसपास. समुद्राची पातळी वाढत असल्याने आता ते पूर्वीइतकं डोळ्यांत भरत नाही, पण जुन्या होड्यांच्या जागा आज पाण्यापासून दूर, गवतात सापडतात. तापमापकामुळे आपण ज्यांचं नाव रोज घेतो त्या सेल्सियस यांनी १७३१ साली उत्तरेकडच्या एका बेटावर खडकावर पाण्याच्या पातळीची रेघ कोरून ठेवली होती. त्यांना वाटलं, पाणी उतरतंय. बसल्या जागी मी खडकावर हात फिरवला. एका अंगाने तो पाटावरवंट्यासारखा गुळगुळीत होता आणि दुसऱ्या अंगाने फोडून काढल्यासारखा खडबडीत. बर्फ उत्तरेकडून सरकत आला, येताना त्याने पुढची बाजू घासली आणि जाताना मागची उपटून नेली.

त्या आठवड्यात शहरात मला असंच काहीतरी जाणवत होतं, पण शब्द सापडत नव्हता. भुयारी रेल्वेत डबा भरलेला असूनही आपल्याच पिशवीची चेन ओढल्याचा आवाज ऐकू येतो. जुन्या गावातल्या, गाम्ला स्तानमधल्या अरुंद गल्ल्यांत पिवळ्या-तांबड्या भिंतींना हात लावत चालताना समोरून येणारा माणूस अंग चोरून वाट देतो, पण नजर देत नाही. मला रोज संध्याकाळी थकवा यायचा तो चालण्याचा नव्हता. दिवसभर कोणीही आपल्याला ‘कुठून आलात’ असं विचारलेलं नाही, याचा तो थकवा होता. जीव रमायचा तो फक्त बेकरीत. दार उघडताच वेलदोड्याचा वास. पीठ जाडसर कुटलेल्या वेलदोड्यात मळून, पीळ देऊन गाठीसारखे बन भाजतात, वर पुन्हा साखर आणि वेलदोड्याची भरड. वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या रांगेचा. आणि इथे, जिथे तिखटमिठाचा हात एवढा आखडता, तिथे तो रोजच्या पावात. पहिला घास घेतला आणि दिवाळीच्या आदल्या रात्रीचं स्वयंपाकघर आठवून माझे डोळे भरून आले. लेकीने पाहिलं, काही बोलली नाही, आपल्या बशीतला अर्धा बन माझ्या बशीत ठेवला.

वासा जहाजाच्या संग्रहालयात तर मी दोन तास उभी होते. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते जहाज पहिल्या सफरीला निघालं, जेमतेम तेराशे मीटर गेलं आणि वाऱ्याच्या झुळकीने कलंडून, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घेत, गावाच्या डोळ्यांदेखत बुडालं. १९६१ साली वर काढलं तेव्हा बहुतेक सगळं लाकूड शाबूत होतं, कारण लाकूड पोखरणारा समुद्रकिडा या अळणी पाण्यात जगत नाही. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. निघण्याच्या आधी धक्क्यालाच बांधलेल्या या जहाजावर तीस माणसांना डेकच्या या बाजूकडून त्या बाजूला पळायला लावलं होतं, जहाज किती झुलतं ते बघायला. तीन वेळा पळाले आणि ते इतकं डोलू लागलं की नौदलाच्या अधिकाऱ्याने चाचणीच थांबवली. राजा युद्धावर दूर होता. जहाज लवकर निघावं अशी त्याची घाई. त्याला कोणी कळवलं नाही. बुडाल्यावर चौकशी झाली आणि दोषी कोणीच ठरलं नाही. धक्क्यावर आजोबा गेल्यानंतर मला ते काळंभोर, अवाढव्य, ओलसर वासाचं जहाज आठवत होतं. तीस माणसांनी पाहिलं आणि सगळे गप्प बसले.

मात्र तसाच एक दुसरा प्रसंगही मनात वर येत होता. त्याला मी दाबू पाहत होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी घरातून रागावून एकटीच माहेरी निघाले होते. खाडीपाशी आले, तरीत बसले. तरीत सहा बायका. पलीकडचा काठ लागेपर्यंत त्यांनी मला सोलून काढलं. एकटीच कशी, पिशवी एवढी जड का, डोळे का सुजलेत, सासू कशी आहे. घरी पोचण्याआधी बातमी आईकडे पोचली होती. त्या दिवशी तरीत एखादं माणूस असं असतं, की ज्याला वाटलं असतं ही पाणी बघत बसली आहे, तर मी त्याच्या पाया पडले असते.

आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागलो. वाट आधी कुरणातून, मग जंगलातून. तांबड्या लाकडी घरांचे पांढरे कोपरे उन्हात चमकत होते. तो तांबडा रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा. गवत गुडघाभर. लेकीने मला थांबवून सलवारीचे पाय मोज्यांत खोचायला लावले. इथे गवतात गोचिडी असतात, त्यांच्यामुळे मेंदूला सूज येण्याचा आजार होतो, लोक त्याची लस घेतात. चालता चालता तिने तिथला नियम सांगितला. कोणाच्याही रानातून कोणीही चालावं, रात्रभर तंबू ठोकावा, करवंदांसारखी फळं तोडून खावीत, मालकाला विचारायला नको. घराच्या अगदी जवळ जायचं नाही. त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही, एवढ्या दोनच अटी. १९९४ पासून हा हक्क त्यांच्या राज्यघटनेत आहे. “त्रास द्यायचा नाही, यातच सगळं आलं बघ,” ती म्हणाली. मी काही बोलले नाही. थोडं पुढे गेल्यावर, समोर बघतच, ती म्हणाली, “जानेवारीत मी आठ दिवस तापाने पडले होते.”

मी थांबले. जानेवारीत तर आम्ही रोज बोलत होतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी तीनच्या आसपास अंधार पडतो. त्या अंधारात, एका खोलीत, आठ दिवस. “सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “तू रोज विचारायचीस, जेवलीस का. मी हो म्हणायचे. जेवत होते ना.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच नव्हती. मी ती शोधत होते, सापडली असती तर बरं वाटलं असतं. मला भांडता आलं असतं, रडता आलं असतं. ती वाकून वाटेवरच्या रानस्ट्रॉबेऱ्या तोडत होती, करंगळीच्या नखाएवढ्या, लालभडक. ओंजळ माझ्यापुढे धरली. त्या जिभेवर ठेवताच विरघळत होत्या आणि मला त्यांची चव आज आठवत नाही.

जंगल संपलं तिथे अरुंद सामुद्रधुनी होती, पलीकडे कार्क्लो नावाचं बेट. पूल नाही, तरवाला नाही. नुसत्या होड्या. ज्याला पलीकडे जायचं त्याने स्वतः वल्हवत जायचं. नियम एवढाच की दोन्ही काठांवर कायम निदान एक होडी राहिली पाहिजे. म्हणजे आपल्या काठावर एकच होडी असेल तर ती घेऊन पलीकडे जायचं, तिथली दुसरी होडी मागे बांधून परत अलीकडे यायचं, ती इथे ठेवायची आणि मग पुन्हा पलीकडे जायचं. एकाच माणसाच्या एका वाटेसाठी तीन खेपा. लेक पाटी वाचून मला हे सांगत होती तेवढ्यात मला पाण्यात एक होडी दिसली. निळा सदरा.

आजोबाच होते. पाठ आमच्याकडे आणि तोंड कार्क्लोकडे, शिवाय आम्ही झाडांच्या सावलीत होतो. ते अलीकडे येत होते आणि त्यांच्या होडीमागे दोराने बांधलेली दुसरी, रिकामी होडी हेलकावत येत होती. म्हणजे ही दुसरी खेप. वल्ही जुन्या सवयीची, पाणी उडत नव्हतं. काठाला लागल्यावर त्यांनी मागची होडी सोडली, वर ओढली, दावं खुंट्याला दोनदा गुंडाळलं, गाठ ओढून पाहिली. मग होडीत साचलेलं पाणी डब्याने उपसून काढलं. ज्या होडीत ते स्वतः बसणार नव्हते, तिच्यातलं. वल्ही आत नीट आडवी ठेवली. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले, दम घेतला, आणि पुन्हा पहिल्या होडीत बसून निघाले. मागे वाट निर्मनुष्य होती. त्या दिवशी संध्याकाळी तिथे आणखी कोणी येणार होतं की नाही, कोणास ठाऊक.

मी हाक मारणार होते. हातांचा द्रोणसुद्धा झाला होता. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मला अडवलं नाही. मीच हात खाली घेतले. ते पलीकडे पोचेपर्यंत आम्ही खडकावर बसून राहिलो. वल्ह्यांच्या कड्यांची कुरकुर पाण्यावरून शेवटपर्यंत ऐकू येत होती. माझ्या गुडघ्यामागे काहीतरी हुळहुळलं, पण मी हलले नाही. राग गेला म्हणावं, तर तसंही नव्हतं. या माणसाने तीन खेपा मारल्या आणि एक शब्द उच्चारला नव्हता, दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कोणती कोणत्या पारड्यात टाकायची, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

सव्वासातच्या आधी वीस मिनिटं आम्ही धक्क्यावर होतो. तबकडी मी उभी केली. हाताला गार, वाटली त्यापेक्षा जड. सूर्य अजून झाडांच्या बराच वर होता. दहापर्यंत तो मावळत नाही. बोट लांबून दिसली, आणि या वेळी तिची नाळ हळूहळू आमच्याकडे वळली. ते वळणं मी पापणी न हलवता पाहिलं. फळी टाकली गेली, मी चढले, आणि मागे पाहते तर लेक धक्क्याच्या टोकाकडे पळतेय. तबकडी पाडायची राहिली होती. ती तशीच उभी राहिली असती तर पुढची बोट कोणी नसताना थांबली असती. फळीशी उभा असलेला पोरगा तिच्यासाठी थांबला. ती धापा टाकत आली आणि माझ्याशेजारी बसली. वाक्सहोल्मचा जुना किल्ला मागे पडेपर्यंत दोघीही बोललो नाही, पण तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि केसांना पाइनचा वास येत होता.

रात्री घरी आल्यावर तिने मला पलंगावर बसवलं. “पाय इकडे कर.” फोनचा दिवा लावून तिने घोटे पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, मी लहानपणी तिच्या केसांत उवा शोधायचे तशी बोटं फिरवत. गुडघ्यामागे थांबली. तिळाएवढी होती. तिने ड्रॉवरमधून छोटा चिमटा काढला, श्वास रोखून कातडीच्या अगदी लगत धरून ती अलगद उपटली, कागदात गुंडाळली, त्यावर तारीख लिहिली. मग त्या जागी कापूस दाबून धरत माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

“हुळहुळत होतं, तर सांगितलं का नाहीस?”